देवळालीचा ताप : एका इंग्रजी वाक्प्रचाराची कुळकथा

रोडपालीत राहणाऱ्या एका दहावीच्या मुलीने मध्यंतरी आम्हाला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला. तिच्या हाती आलेल्या गोष्टीच्या पुस्तकात एक म्हातारी आपल्या नवऱ्याबद्दल म्हणते, ‘ही हॅज गॉन डूलॅली’. घरातल्या छोट्या शब्दकोशात हा शब्द नव्हता. शिकवणीच्या सरांनी ‘वेडा झाला असा काहीतरी अर्थ असेल’ असे सांगून वेळ मारून नेली. सरांनी सांगितलेला अर्थ बरोबर होता. पण हा शब्द आला कुठून, हे कळल्यावर त्या मुलीलाच काय, तिच्या आईवडिलांनाही नवल वाटले. कारण ‘डूलॅली’ म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातली देवळाली!

सात समुद्रापलीकडच्या भाषेत आपल्या एका गावाचे नाव ‘वेड’ या अर्थाने जाऊन बसावे, ही गोष्ट गमतीची वाटते. परंतु तिच्या मुळाशी गेल्यावर ती तितकीशी गमतीची राहत नाही. म्हणून घरातल्या लहानमोठ्या सर्वांनी वाचावी म्हणून ती आम्ही येथे सविस्तर सांगत आहोत.

अर्थ काय?

इंग्लंडमध्ये हा वाक्प्रचार आजही घरोघरी बोलला जातो. एखादा माणूस विचित्र वागू लागला, विसराळू झाला किंवा विनाकारण चिडू लागला की तो ‘गॉन डूलॅली’, म्हणजे याचे डोके फिरले, असे म्हणतात. आजोबा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधू लागले की नातवंडे हसत हसत हाच शब्द वापरतात. कॉम्प्युटर बिघडून भलतेच आकडे दाखवू लागला तर तोही ‘डूलॅली’ होतो. शब्द शिवीइतका कडक नाही, थट्टेचा आहे. आपण ‘याचा एक स्क्रू ढिला आहे’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

मात्र आज एकटा दिसणारा हा शब्द मुळात एकटा नव्हता. त्याच्या मागे आणखी एक शब्द होता. जुने गोरे सैनिक ‘डूलॅली टॅप’ असे म्हणत. हा ‘टॅप’ म्हणजे पाण्याचा नळ नव्हे. तो काय, ते पुढे पाहू. आधी देवळालीला जाऊन येऊ.

रोडपालीहून देवळाली

रोडपाली-कळंबोलीच्या माणसाला देवळाली काही फार दूर नाही. तळोजा, शिळफाट्यावरून कल्याण गाठायचे. तेथून कसारा, मग कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, लहवित आणि त्यानंतर देवळाली. पुढचेच स्टेशन नाशिक रोड. अहिल्यानगर जिल्ह्यातली देवळाली प्रवरा वेगळी. आपण बोलतो आहोत ती नाशिकजवळची, लष्कराची देवळाली, म्हणजेच देवळाली कॅम्प. तोफखान्याचे शिक्षण देणारी भारतीय सैन्याची मोठी संस्था तेथे आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरातले कोणी सैन्यात गेले, त्यांना हे नाव चांगले परिचयाचे असेल.

इंग्रजांनी १८६१ साली येथे छावणी उभी केली. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या पलटणी मोठ्या संख्येने ठेवल्या जाऊ लागल्या. इंग्लंडहून येणारा प्रत्येक सैनिक जहाजाने येई, आणि बहुतेकांचे बंदर मुंबई. मुंबईत उतरलेल्या सैनिकांना थोडे दिवस कुठेतरी ठेवावे, येथल्या हवेची सवय करून द्यावी आणि मग त्यांच्या त्यांच्या पलटणीकडे पाठवावे, अशी सोय हवी होती. मुंबईची हवा दमट. घाट चढून गेले की पठाराची कोरडी, बरी हवा. १८६५ साली रेल्वे कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचली आणि देवळालीची ये-जा सोपी झाली. येणारा सैनिक देवळालीला, आणि परत जाणाराही देवळालीलाच. देवळाली ही गोऱ्या फौजेची मोठी धर्मशाळा झाली म्हणा ना!

मुदत संपली, पण सुटका नाही

खरी गोष्ट परत जाणाऱ्यांची आहे.

हे साधे गोरे शिपाई कोण होते? ते लाटसाहेबांची मुले नव्हती. अधिकारी बड्या घरातले असत, पण शिपाई म्हणून भरती होणारा बहुधा खाणीतला, गिरणीतला, शेतावरचा मजूर किंवा बेकार तरुण असे. पोटासाठी तो करारावर सही करी. काही वर्षे पलटणीत आणि उरलेली वर्षे राखीव दलात, असा तो मुदतीचा करार असे. त्यातली बरीच वर्षे हिंदुस्थानात जात. पलटणीतली मुदत संपली की त्याला ‘टाइम एक्सपायर्ड’, म्हणजे मुदत भरलेला सैनिक, म्हणत. असा सैनिक आपल्या पलटणीतून निघून देवळालीला येई आणि घरी नेणाऱ्या जहाजाची वाट पाही.

जहाज मात्र त्याच्या सोयीने येत नसे. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि इंग्लंडचा प्रवास कितीतरी जवळचा झाला. परंतु उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातली उष्णता भयंकर. शेकडो माणसे कोंबलेले जहाज त्या उन्हातून नेणे धोक्याचे. म्हणून सैनिकांची ने-आण थंडीच्या हंगामातच होई. ‘मलबार’, ‘जमना’ अशी आपल्याकडची नावे दिलेली सरकारी जहाजे त्या कामासाठी होती. ज्याची मुदत हंगामात संपली त्याचे नशीब बरे. पण ज्याची मुदत हंगामाचे शेवटचे जहाज सुटल्यावर संपली, त्याने काय करायचे? त्याने देवळालीत बसायचे. पुढचा हंगाम येईपर्यंत, कित्येक महिने.

या दिवसांचे वर्णन एका साध्या शिपायानेच लिहून ठेवले आहे. त्याचे नाव फ्रँक रिचर्ड्स. वेल्समधल्या ब्लेना या खाणीच्या गावात चुलत्या-मावशीच्या आधाराने वाढलेला हा अनाथ मुलगा आधी कोळशाच्या खाणीत राबला, मग १९०१ साली सैन्यात गेला. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात त्याने १९०९ पर्यंत नोकरी केली. पुढे पहिले महायुद्ध लढला, शौर्यपदके मिळवली, पण हुद्दा मात्र शेवटपर्यंत साध्या शिपायाचाच राहिला. १९३६ साली त्याने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे आपल्या हिंदुस्थानातल्या दिवसांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

रिचर्ड्स सांगतो त्याचा सारांश असा. देवळालीत मुदत भरलेल्या माणसांकडे ना हत्यार, ना सामान. अधूनमधून कपड्यांची तपासणी, कधीतरी एखादी पायी रपेट. बाकी दिवसभर काहीच काम नाही. वेळ खायला उठे. वर्षानुवर्षे ज्यांच्या नावावर एक ठपका नव्हता, अशी चांगली माणसे येथे येऊन भलतेच काहीतरी करून बसत. घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. कोणी वाईट मार्गाला लागून आजार घेऊन दवाखान्यात पडत. या कंटाळलेल्या माणसांच्या विचित्र वागण्यावरूनच ‘डूलॅली टॅप’ हा शब्द निघाला असावा, असे रिचर्ड्सला वाटते.

वाचकहो, हे लक्षात घ्या. लढाईने ही माणसे मोडली नव्हती, उन्हातान्हाच्या कवायतीने मोडली नव्हती. आज निघू, उद्या निघू, अशा वाट पाहण्याने ती मोडली.

‘टॅप’ म्हणजे आपला ताप

आता त्या मागच्या शब्दाकडे येऊ. ‘टॅप’ हा मूळचा हिंदुस्थानी शब्द ‘तप’. फारसीत आणि उर्दूत त्याचा अर्थ ज्वर. संस्कृतमधल्या ‘ताप’ शब्दाचे आणि त्याचे घराणे एकच. म्हणजे आपल्या आईने कपाळाला हात लावून ‘पोराला ताप आहे’ म्हणावे, तोच हा ताप. गोऱ्या शिपायाने बाजारात, बराकीत, दवाखान्यात तो ऐकला आणि उचलला.

देवळालीचे ‘डूलॅली’ कसे झाले, हे सांगायला नको. इंग्रजांच्या जिभेला ‘ळ’ कधी वळलाच नाही. पुण्याचे ‘पूना’ झाले, ठाण्याचे ‘टाना’ झाले, तसे देवळालीचे ‘डूलॅली’ झाले. दोन्ही शब्द जोडून ‘डूलॅली टॅप’, म्हणजे सरळ सरळ मराठीत ‘देवळालीचा ताप’. ‘त्याला काय झाले आहे?’ ‘काही नाही, देवळालीचा ताप चढला आहे.’ असे ते आपसात म्हणत.

आम्हाला या शब्दात एक शहाणपण दिसते. शिकलेल्या साहेबांनी तो शब्द घडवलेला नाही. बराकीतल्या अडाणी शिपायांनी तो घडवला. सोबती विचित्र वागू लागला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यातल्या बिघाडाला ‘ताप’ म्हटले. ताप हा आजार आहे. ताप कोणालाही येतो, आज त्याला तर उद्या मला. ताप येण्यात कोणाचा दोष नसतो, आणि तो उतरतोही. आपल्या मराठीनेही हे केव्हाच ओळखले आहे. अंगाचा तो ताप आणि मनाचा तो मनस्ताप. रागाने पेटला की संताप, केल्या कर्माचा सल लागला की पश्चात्ताप. अंग आणि मन दोन्हींच्या दुखण्याला आपण एकच शब्द वापरतो.

पुढे काय झाले? पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत हा शब्द फौजेत सर्रास रुळला होता. युद्धातून परतलेल्यांबरोबर तो इंग्लंडच्या गल्लीबोळांत गेला. ज्यांनी हिंदुस्थान पाहिला नव्हता, त्यांना ‘टॅप’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. हळूहळू ‘टॅप’ गळून पडला आणि नुसते ‘डूलॅली’ राहिले. आजार गळाला आणि थट्टा तेवढी उरली. या शब्दाच्या कुळकथेतला हाच खरा मर्माचा भाग आहे.

त्या तापावरचे औषध

देवळालीच्या तापावर औषध एकच होते, ते म्हणजे घर. गंमत अशी की त्या घरालाही सैनिकांनी आपलाच शब्द दिला. ‘विलायत’ आपण ऐकलेला आहे. विलायतेचे ते ‘विलायती’ किंवा ‘बिलायती’. हा ‘बिलायती’ गोऱ्या शिपायाच्या तोंडात ‘ब्लायटी’ झाला, आणि ‘ब्लायटी’ म्हणजे आपले इंग्लंड, आपले घर. पहिल्या महायुद्धात तर ‘ब्लायटी’ नावाची जखम असे! जिवावर बेतणार नाही, पण खंदकातून काढून घरी पाठवावेच लागेल, एवढी ती जखम. अशी जखम झाली तर शिपाई नशीबवान समजला जाई. घराची ओढ माणसाला कुठवर नेते, याचा हा पुरावा.

शिकणाऱ्या मुलांसाठी येथे आणखी काही शब्द देतो. लुटीवरून ‘लूट’, खाकेवरून म्हणजे धुळीच्या रंगावरून ‘खाकी’, चिठ्ठीवरून ‘चिट’, बंगल्यावरून ‘बंगलो’, आणि ‘देखो’वरून ‘डेको’. इंग्रजीत ‘हॅव अ डेको’ म्हणजे जरा बघ तरी! आपल्या मराठी मुंगसावरून तर इंग्रजीतला ‘मुंगूज’ आला. तेव्हा मुलांनो, इंग्रजीला घाबरण्याचे कारण नाही. त्या भाषेच्या घरात आपली बरीच भांडीकुंडी आहेत.

ज्यांच्या तापाला शब्द मिळाला नाही

देवळालीच्या छावणीत फक्त गोरे शिपाईच होते काय? कोणत्याही छावणीचा गाडा आपल्या माणसांवर चाले. पाणी भरणारा भिस्ती, रात्रभर पंख्याची दोरी ओढणारा पंखेवाला, धोबी, मोतद्दार, खानसामा, आणि मैला-कचरा वाहणारा सफाई कामगार. गोऱ्याची मुदत केव्हातरी संपे, जहाज केव्हातरी येई. यांची मुदत कधी संपायची? यांना घेऊन जाणारे जहाज कोणते? त्यांच्या मनस्तापाचा शब्द इंग्रजी शब्दकोशात नाही.

पुढे १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीने ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची विनोदी मालिका दाखवली. दुसऱ्या महायुद्धातले गोरे सैनिक, त्यांची नाटकमंडळी आणि सुरुवातीचे ठिकाण देवळालीची छावणी. तिचा एक लेखक जिमी पेरी हा स्वतः देवळालीत नोकरी केलेला माणूस. इंग्लंडमध्ये ती मालिका फार गाजली. पण तिच्यातले महत्त्वाचे हिंदुस्थानी नोकराचे पात्र एका गोऱ्या नटाने चेहरा काळवंडून रंगवले होते. पुढच्या काळात त्यावर टीका झाली. देवळालीचे नाव पुन्हा एकदा हसण्यासाठी वापरले गेले, आणि तिथल्या माणसाला स्वतःचा चेहराही मिळाला नाही.

नाव आमचे, हसू त्यांचे

गावाचे नाव वेडाला दिले गेले, तसे इंग्रजीत एका समाजाचे नाव बहिष्कृताला दिले गेले आहे. तो शब्द ‘पॅरिया’. इंग्रज त्याचा उच्चार ‘पराया’च्या जवळपास करतात, पण हिंदीतल्या ‘पराया’शी त्याचा संबंध नाही. तमिळनाडूतला परैयर हा आपल्यासारखाच अस्पृश्य ठरवलेला समाज. ‘परै’ म्हणजे डफासारखे एक वाद्य. त्या वाद्याशी जोडलेले हे नाव सतराव्या शतकातच इंग्रजीत गेले. आज जगातल्या वर्तमानपत्रांत ज्याला कोणी जवळ करत नाही तो माणूस ‘पॅरिया’, ज्या देशाशी कोणी व्यवहार करत नाही तो देशही ‘पॅरिया’. एवढेच नव्हे, रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्यालाही इंग्रजांनी ‘पॅरिया डॉग’ म्हटले. लिहिणाऱ्याच्या मनातही येत नाही की हे जिवंत, कष्टाळू माणसांच्या एका समाजाचे नाव आहे.

या नावाला एका माणसाने चांगले उत्तर दिले. रेट्टमलई श्रीनिवासन यांनी १८९३ साली मद्रासेत ‘परैयन’ याच नावाचे तमिळ पत्र काढले. जे नाव खाली मान घालून ऐकायचे, तेच त्यांनी पत्राच्या माथ्यावर छापले. हेच श्रीनिवासन १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबरीने अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. ज्या शहरात ‘पॅरिया’ ही बोलण्यातली एक लकब होती, त्याच शहरात त्या नावाच्या माणसाने आपल्या हक्कांची मागणी केली. आपल्या वाडवडिलांनीही जातीच्या म्हणींचा मार गावोगावी सोसलेला आहे. दुसऱ्याच्या तोंडातली म्हण आपल्या काळजात कशी रुतते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग आपण काय करतो?

म्हणूनच आता एक अडचणीचा प्रश्न आम्ही आपल्याच घरात विचारतो. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा बघा याच्यासाठी’ हे आपण किती वेळा बोललो असू? घरात, नाक्यावर, लोकलच्या डब्यात. ठाण्याला १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, येरवड्यालाही जुने रुग्णालय आहे. नागपूर आणि रत्नागिरी धरून राज्यातली ही चार मोठी सरकारी मनोरुग्णालये. ठाणे म्हणजे लाखो कष्टकऱ्यांचे शहर, पण एका इस्पितळामुळे ते थट्टेचे नाव झाले. इंग्रजांनी देवळालीचे जे केले, तेच आपण ठाण्याचे केले. हिंदीवाल्यांनी आग्रा आणि रांचीचे हेच केले आहे.

बोलले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. घरातल्या तरुण मुलाला रात्र रात्र झोप लागत नाही, तो एकटाच बडबडतो, कामावर जाईनासा होतो. बाळंतपणानंतर सून तासन् तास रडत बसते, मुलाला जवळ घेत नाही. आईवडिलांना कळते की काहीतरी चुकते आहे. पण डॉक्टरकडे न्यावे तर शेजारी म्हणतील, ‘याला ठाण्याला नेला’. बहिणीचे लग्न जमायचे आहे, त्यात अडथळा येईल. मग घर गप्प राहते. कोणी लपूनछपून भगताकडे जाते, अंगारा-धुपारा होतो, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाणही होते. राज्यात २०१३ पासून अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा आहे, तरी हे पूर्ण थांबलेले नाही. दुखणे मात्र अंगावर काढल्याने वाढत जाते. साध्या तापाला पहिल्या दिवशी गोळी दिली जाते. मनाच्या तापाला थट्टेच्या भीतीने वर्षेच्या वर्षे औषध मिळत नाही.

देवळालीतल्या त्या शिपायांची गोष्ट येथे आणखी एका कारणाने आठवावी. निव्वळ वाट पाहण्याने मन कसे झिजते, हे आपल्या कष्टकरी घरांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आज भोंगा वाजेल, उद्या वाजेल, म्हणून किती घरांनी किती वर्षे वाट पाहिली! तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या घरांतले किती पुरुष दारूला लागले, किती मुकाट झाले, याची मोजदाद कोणी केली? पनवेलजवळच्या कोन येथे गिरणी कामगारांसाठी २०१६ साली घरांची सोडत निघाली. नाव लागले, पण चावी हाती यायला पुढे अनेक वर्षे गेली. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या गावांतली माणसे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी थांबली. नाक्यावर कामासाठी उभा असलेला मजूर, लोखंड बाजारात माल मिळेपर्यंत ट्रक लावून बसलेला ड्रायव्हर, भरतीच्या निकालाकडे डोळे लावलेला पदवीधर मुलगा, ही सगळी वाट पाहणारी माणसे आहेत. बेकारी, कर्ज आणि अनिश्चितता यांचा मनाच्या आरोग्यावर परिणाम होतो, हे डॉक्टर सांगतातच. अशा माणसाला ‘सटकला’ म्हणणे सोपे आहे. त्याच्याजवळ बसणे अवघड आहे.

कायदा काय सांगतो?

कायद्याच्या भाषेतही शब्द बदलत आले आहेत, हे पाहण्यासारखे आहे. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याचे नावच ‘ल्युनसी’चा कायदा, म्हणजे वेडेपणाचा. ‘ल्युना’ म्हणजे चंद्र. चंद्राच्या कलेने वेड लागते, या जुन्या समजुतीतून तो शब्द आलेला. हा कायदा जाऊन १९८७ साली मानसिक आरोग्याचा कायदा आला, आणि त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजार झालेल्या माणसाला शारीरिक आजार झालेल्या माणसाच्या बरोबरीने वागवले पाहिजे, त्याला सन्मानाने जगण्याचा आणि सरकारी सेवेतून उपचार मिळवण्याचा हक्क आहे, असे तो सांगतो. बराकीतल्या शिपायांनी ज्याला ‘ताप’ म्हटले होते, त्याला कायद्यानेही अखेर ताप मानले.

घरात कोणाला असा त्रास असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन मानसोपचाराची चौकशी करावी. जाणे जमत नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक फिरवावा. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक गॅसच्या आणि अँब्युलन्सच्या क्रमांकाशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा. नंबर लिहून ठेवल्याने कोणी वेडे ठरत नाही.

मुलांनी काय शिकावे?

शेवटी पुन्हा भाषेकडे. शाळेत वाक्प्रचार म्हणजे ‘अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा’, दोन गुणांचा प्रश्न. मुलांनो, परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण एखादा वाक्प्रचार खरोखर आपला करायचा असेल तर त्याला आणखी काही प्रश्न विचारा. हा शब्द कोणाच्या तोंडातून निघाला? तो बोलताना हसले कोण? आणि ज्याच्यावर हसले, त्याचे पुढे काय झाले? इंग्रजी असो की मराठी, हे प्रश्न विचारले की शब्द लक्षातही राहतो आणि माणूसही.

आणि आईवडिलांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या नावांची थट्टा आपण पिढ्यानपिढ्या सोसली. आता आपल्या तोंडून दुसऱ्या कोणाच्या दुखण्याची थट्टा होऊ नये. ‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद आजपासून आपल्या घरात बंद करू या. कोणाचे मन दुखत असेल तर त्याला विचारू या, ‘बाबा रे, ताप आहे का तुला? चल, दवाखान्यात जाऊ. मी येतो बरोबर.’